बेलवलकर केला तर बिघडलं कुठं?

विंगेतला
परवा इथं एका दिग्दर्शक महाशयांनी ऑडिशनची जाहिरात टाकली. खाली सूचना: 'नटसम्राट, फुलराणी, बेणारेबाई यांची स्वगतं आणू नयेत, पहिल्या वाक्याला थांबवण्यात येईल. वयाला शोभेल असं निवडावं. उच्चार स्वच्छ हवेत.' राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर नाटक करायचंय, तालमीचा चहा वर्गणीतून, आणि रुबाब बघा.

वयाला शोभेल म्हणजे काय हो? डिसेंबर 1970 मध्ये नटसम्राट आलं तेव्हा त्यातले बेलवलकर करणारे डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते आणि बेलवलकर म्हणजे म्हातारा नट. आपले संगीतनट केशवराव भोसले तर पोरवयात 'शारदा' नाटकातली शारदा करायचे.

घासून गुळगुळीत झालेलं स्वगत वाईट नसतं. पोरं ते यूट्यूबवरून हुंदक्यासकट उचलतात, ते वाईट. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधल्या बेणारेबाईंचंच घ्या. त्या बोलतात तेव्हा कोर्टातले सगळे जागच्या जागी थिजलेले असतात, ऐकणारं कोणी नसतं. आणि आपली पोरगी ऑडिशनला परीक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून रडते! तिथं थांबवा की तिला. विचारा, हे तू कुणाला सांगतेस, आत्ताच का सांगतेस. उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर खुशाल घालवा. पण नाटकाचं नाव ऐकूनच कटाप करायचं ही कुठली पद्धत?

तिसरी घंटा
टेबलाच्या त्या बाजूला कधी बसलायत का? मी बसते. जेवणानंतर आणखी एक बेलवलकर घर मागत आला की काय होतं ते मला विचारा. पोरगं वाईट नसतं, पण आमच्या डोक्यात लागू आधीच येऊन बसलेले असतात. 'ती फुलराणी' म्हटलं की ती गाजवलेल्या भक्ती बर्वे. पोराचं काही ऐकूच येत नाही, हा आमचा दोष म्हणा हवं तर.

आणि लागूंचा दाखला कशाला? ते हौशी रंगभूमीवर कित्येक वर्षं घासून आले होते, आणि तिथवर चढायला त्यांना अख्खं नाटक होतं. तुमच्या पोराला दोन मिनिटं. थेट शेवटच्या आक्रोशावर उडी मारली की आरडाओरडाच होणार. शारदा तर पोरगीच होती, तिथं वय जुळतच होतं! उदाहरण तरी धड द्या.

स्वगतच पाहिजे असंही नाही. दोन पात्रांचा प्रसंग घ्या, समोरच्याची वाक्यं काढा, मागणारं, मनवणारं, काहीतरी लपवणारं माणूस निवडा. रडण्यापेक्षा रडू दाबणारं लवकर कळतं.

आनि-पानी
स्वगत ऱ्हाऊ द्या बाजूला, 'उच्चार स्वच्छ' वर कोणीच कसं बोलेना? पुण्यात एका ठिकाणी मला दुसऱ्या वाक्याला थांबवलं. 'न आणि ण नीट करून ये.' मी काय करत होते? फुलराणी! उच्चारावरनं हिणवलेल्या पोरीचंच नाटक ते, आणि हिणवणारा प्रोफेसर टेबलामागं बिस्कीट खात बसलेला. त्याला कळलं पण नाही.

तालीम मास्तर
ताई, राग समजतो. पण न-ण येत असून पात्रासाठी सोडणं वेगळं आणि येतच नसणं वेगळं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर करायला घे, एकेक वाक्य पल्लेदार, जीभ आणि श्वास दोन्ही लागतात. तिथं 'मानूस' म्हणालीस तर प्रेक्षक हसणार.

आनि-पानी
कुठला प्रेक्षक? कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला का पुण्याच्या सदाशिव पेठेतला? आमच्याकडं कोण हसत नाही. आणि सीरियलवाले 'लई भारी' नि दोन शिव्या घालून कोल्हापुरी म्हणून विकतात, तेव्हा कुठं जातो तुमचा स्वच्छपणा? ती भूमिका बी मुंबईचा पोरगाच करतो. म्हणजे आम्ही शुद्ध बोलायला नालायक आणि अशुद्ध बोलायला पण नालायक.

तालीम मास्तर
सीरियलचं पाप माझ्या माथ्यावर कशाला? मी 'ये, शिकवतो' म्हणायच्या बेतात होतो. राहिलं.

आनि-पानी
शिकवा की. आधी तुम्ही माझ्याकडनं हेल शिका.

शेवटची रांग
पोरांनो, उच्चार कशाला, आधी आवाज पोचतोय का ते बघा. 1915 चं आमचं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. आम्ही मागं बसून नटाचा सुस्कारा ऐकलाय. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शेजारच्या खासबाग मैदानाकडनं धूर बघत उभे होतो. आता कुठल्यातरी हॉलात ऑडिशनी, वर पंखा खडखडतोय, आणि

विंगेतला
काका, दुःख सगळ्यांचंच आहे, पण विषय स्वगताचा चाललाय.

शेवटची रांग
मग करा की. आम्ही गप्प.

विंगेतला
तिसरी घंटा, तुमचं दोन मिनिटांचं गणित मान्य. शारदाचंही मान्य, आता मोठेपणा मिरवा दिवसभर. पण मग जाहिरातीत तसं लिहा ना! 'आक्रोश नको, समोर माणूस असलेला तुकडा आणा.' नवख्या पोराला त्यातनं काहीतरी कळेल. बंदी घातली की ते दुसरं गाजलेलं स्वगत उचलतं, संभाजी होतं, आणि परत ओरडतं.

तिसरी घंटा
संभाजी! ते यादीत घालायचं राहिलंच. आभारी आहे.

आनि-पानी
मी फुलराणीच करणार. कोल्हापुरीतनं.

तिसरी घंटा
कर. बर्वेबाईंसारखी नसेल तर पूर्ण ऐकेन. पण दोन मिनिटांच्या वर गेलीस तर थांबवणार, मग न असो की ण.

तालीम मास्तर
एक विचारू? त्या जाहिरातीत वेळ आहे, सूचना आहेत, फोटो आणायचाय. ऑडिशन कुठं आहे तेवढं कुणाला दिसलं का?