विषय: पुण्यातील फ्लॅटच्या नूतनीकरणासाठी ठेकेदार

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

कोथरूडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आता सव्वीस वर्षांचा झाला आहे. भाडेकरू मार्चअखेर जागा सोडत आहेत, तेव्हा दोन्ही बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, वायरिंग आणि रंगकाम एकदमच उरकून घ्यावे असा विचार आहे. तीन ठेकेदारांकडून अंदाज मागवले. एकाने स्क्वेअर फुटाचा सरसकट दर सांगितला, दुसऱ्याने ‘विथ मटेरियल’ म्हणून एकच आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला, आणि तिसऱ्याने चार पानी यादी दिली, जी सर्वांत महाग आहे. निम्मी रक्कम आधी द्यावी, यावर मात्र तिघांचे एकमत आहे. रजा तीनच आठवड्यांची मिळेल. पुढचे काम इथून, परदेशातूनच पाहावे लागणार. ज्यांनी हे सोसले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

ताई, नमस्कार.

‘सोसले आहे’ हा शब्द आपण अगदी नेमका योजलात. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटची बाथरूम मी व्हिडिओ कॉलवर करून घेतली. ठेकेदार रोज संध्याकाळी न चुकता फोन करी आणि कॅमेरा फिरवून टाइल्स दाखवी. त्या टाइल्सखाली काय आहे हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. काम संपून दोन महिने होतात न होतात तोच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोटो पाठवला: छताला ताटाएवढा ओला डाग आणि त्यांच्या गिझरवर टपकणारे पाणी. नवी फरशी उखडली तेव्हा कळले, की जुना कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर) फोडताना वॉटरप्रूफिंग फुटले होते आणि त्यावर सरळ सिमेंट-वाळूचा थर पसरून फरशी बसवली होती. दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्याहून जास्त आला, कारण त्यात काकूंच्या छताचा गिलावा आणि रंगही धरावा लागला.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की दराच्या घासाघिशीत आपण जेवढा जीव आटवतो, त्याच्या निम्मे लक्ष जरी झाकल्या जाणाऱ्या कामावर ठेवले तरी पुष्कळ वाचते. म्हणून हप्ते तारखांवर न बांधता, जिथे पुढचे काम आधीच्या कामाला झाकून टाकते अशा टप्प्यांवर बांधावेत. वॉटरप्रूफिंग झाले की नहाणी ट्रॅपचे (पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड बंद करून जमिनीवर ४८ तास पाणी तुंबवून ठेवावे, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करावी, खालच्या घरी जाऊन छत पाहावे, आणि ते कोरडे असेल तरच पुढचा हप्ता सोडावा. भिंतीतले पाण्याचे सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप बुजवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती पाहणे) करून घ्यावी व शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत. पुढे आरशासाठी भिंतीला भोक पाडताना तेच उपयोगी पडतात.

चार पानी यादीवाल्याला महाग म्हणून लगेच बाद करू नका. त्याच्या यादीतले दर पुसून तीच यादी बाकीच्या दोघांना भरायला द्या. आमच्या भावजींनी असे केले, तेव्हा सर्वांत स्वस्त ठेकेदाराच्या आकड्यात वॉटरप्रूफिंगही नव्हते आणि राडारोडा उचलण्याचा खर्चही नव्हता.

ओट्याखालच्या कपाटांसाठी नुसते ‘वॉटरप्रूफ प्लाय’ असे लिहून घेऊ नये, कारण तो शब्द सुतार आणि दुकानदार आपापल्या सोयीने वापरतात. प्लायच्या भारतीय मानकांपैकी (आयएस) आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा) ग्रेड वेगळा आणि आयएस ७१० चे मरीन प्लाय वेगळे. सिंकखाली मी मरीनच घालीन. शीट कापण्याआधी तिच्यावरच्या आयएसआय शिक्क्याचा फोटो मागवा. शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो.

---

दादा, मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील असे दोघे ठेकेदार सुचवत आहेत. आणि निम्मी उचल दिल्याशिवाय माणसे लावणार नाही, असे तिसऱ्याचे म्हणणे आहे.

---

ताईंना व सर्वांना नमस्कार.

माझी सगळी नोकरी ठेकेदारांची बिले तपासण्यात गेली, म्हणून दोन शब्द लिहितो.

पक्के बिल घ्यावेच, आणि पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचे भारतातले रुपयांचे खाते) बँकेमार्फतच द्यावेत. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा खर्च वजा मागता येतो; त्यात निव्वळ रंगकाम बसत नाही, पण भांडवली स्वरूपाचे (घरात टिकाऊ भर घालणारे) काम बसते, आणि त्याला कागद लागतो. २३ जुलै २०२४ पासून अनिवासी विक्रेत्याला इंडेक्सेशनचा (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा) आधार उरलेला नाही, त्यामुळे हा कागद सांभाळण्याची गरज वाढलीच आहे.

उचलीबाबत मधला मार्ग असा, की टाइल्स, नळ, वायर आणि प्लाय यांचे पैसे दुकानदाराला आपण थेट द्यावेत. मग ठेकेदाराकडे मुख्यतः मजुरीच उरते, आणि मजुरीसाठी निम्मी उचल मागायला त्याच्याकडे फारसे कारण राहत नाही. टाइल्स मात्र तुटफुटीसह एकाच बॅचच्या घ्याव्यात; नंतर आणलेल्या चार पेट्यांची छटा जुळत नाही.

खरा वाद मोजमापावर होतो. दारे-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, हे रंगारी काम संपल्यावर सांगतो. बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक आयएस १२०० प्रमाणे अर्धा चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा होत नाही, आणि त्याहून मोठी, पण ३ चौरस मीटरपर्यंतची असेल तर भिंतीच्या एकाच बाजूची वजा होते. ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ एवढे एक वाक्य करारात घातले की पुरते. कपाटाचे मोजमाप दर्शनी उंची गुणिले रुंदी असेच धरतात, पण माळा त्यात येतो की वेगळा, हे आधी लिहून घ्यावे.

सोसायटीची लेखी परवानगी आणि ठोकाठोकीच्या वेळा ठेकेदाराला पहिल्याच दिवशी द्या. आमच्याकडे दुपारी १ ते ४ हातोडा बंद असतो, आणि हे आधी न सांगितल्यामुळे ठेकेदाराने ते रोजचे तीन तास शेवटी आमच्याच नावावर मांडले. इलेक्ट्रिशियनला पाइपासाठी बीम किंवा कॉलमला खाच मारू देऊ नये; तो ‘थोडीशीच’ म्हणेल, तरीही नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्यात आहे. बाथरूममध्ये पाणी तुंबवाल त्या दिवशी कळवावे. खालच्या घरचे छत मी स्वतः पाहून येईन आणि फोटो आपल्याला पाठवीन.