मदत हवी आहे: मुंबई अर्धमॅरेथॉन धावून वसतिगृहासाठी एक लाख कसे उभे करावेत?

अनघा_नाशिक (१४ सप्टेंबर २०२५)

टाटा मुंबई मॅरेथॉन १८ जानेवारीला आहे आणि अर्धमॅरेथॉनमधला माझा प्रवेश नक्की झालाय. त्यानिमित्ताने पेठ तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी एक लाख रुपये जमवायचे आहेत (पाण्याची टाकी आणि सोलर हीटर). संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी नोंदणी) आहे, एफसीआरए (विदेशी देणगी घेण्याची परवानगी) नाही.

१. पैसे माझ्या जीपेवर घेऊन शेवटी एकरकमी संस्थेला दिले तर चालतील का?
२. अमेरिकेतला मावसभाऊ २०० डॉलर देतो म्हणतोय. ते कसे घ्यायचे?
३. मागायचं कसं आणि किती जणांकडे?

सध्या दहा किमी सव्वा तासात होतात.

जमाखर्च

अनघाताई, जीपेवर अजिबात घेऊ नका. संस्था दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे १०बीडी हे विवरण भरते. त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम जाते, आणि त्यावरूनच १०बीई प्रमाणपत्र निघतं. लाख रुपये तुमच्या खात्यातून गेले तर प्रमाणपत्र तुमच्या एकटीच्या नावाने निघेल. बाकीच्यांना वजावट मिळणार नाही. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,०००च्या वर रक्कम विनामोबदला खात्यात आली, तर ते तुमचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. पैसे पुढे दिले हे सिद्ध करत बसावं लागेल.

म्हणून संस्थेच्या खात्याचा क्यूआर घ्या आणि तोच सगळ्यांना पाठवा. तुमच्यामुळे आलेली देणगी ओळखायची कशी, ही खरी अडचण. यूपीआयमध्ये लिहिलेला शेरा बँकेच्या उताऱ्यात कित्येकदा दिसतच नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे रकमेच्या शेवटी ७ आणा: ५०७, १००७, २५०७. संस्थेच्या हिशेबनिसाला ते लगेच सापडतं. सोबत एक छोटा गूगल फॉर्म ठेवा: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, व्यवहार क्रमांक. पॅन त्याच दिवशी घ्या, मार्चमध्ये मागितला की लोक फोन उचलत नाहीत. २,०००च्या वर रोख दिली तर वजावट नाही, हेही फॉर्मवर लिहा.

आणि ८०जीचं आमिष जपून दाखवा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि आता तीच आपोआप लागू होते. जुन्या प्रणालीतही निम्मी देणगी परत मिळत नाही: ५,००० दिले तर २,५०० उत्पन्नातून वजा होतात, म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून ५२० रुपये वाचतात. आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

अनघा_नाशिक

जमाखर्च, खूप आभार. क्राउडफंडिंगच्या साइटवर पान केलं तर?

जमाखर्च

चालेल, पण आधी दोन गोष्टी विचारा: पावती कोणाच्या नावाने निघते आणि कापतात किती. नुसतं पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं) शुल्क २ टक्के असलं तरी जीएसटी धरून लाखामागे २,३६० जातात. उद्दिष्ट तेवढं वाढवून ठेवा.

दूरदेशी

मावसभावाचं नागरिकत्व कुठलं ते आधी विचारा, सगळं त्यावर आहे. पासपोर्ट भारतीय असेल तर एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांची इथली बँक खाती), स्वतःच्या बचतीतून थेट संस्थेला देता येतं. ती विदेशी देणगी धरत नाहीत. संस्थेने पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावावी. तो अमेरिकन नागरिक असेल, भले ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकांना मिळणारं) असो, तर एफसीआरए नसलेल्या संस्थेने त्याचा एक रुपयाही घेऊ नये, अगदी त्याच्या भारतातल्या खात्यातून रुपयांत आला तरी. 'तुझ्या खात्यावर पाठवतो, तू पुढे दे' हाही मार्ग नाही. मधल्या माणसाकडून आलं तरी कायद्याने ते विदेशीच राहतं, आणि अडचणीत येते ती संस्था. मुलींच्या वसतिगृहावर २०० डॉलरपायी ही वेळ आणू नका.

रविवारची_धाव

लाखाची फोड आधी कागदावर करा. १०,०००चे दोन, २,५००चे दहा, १,०००चे तीस आणि ५००चे पन्नास, म्हणजे ९२ देणगीदार. त्यासाठी पावणेतीनशे-तीनशे नावांची यादी लागेल. मोठ्या रकमांपासून सुरुवात करा, कारण पुढचा माणूस आधीच्या आकड्याकडे बघून आपला आकडा ठरवतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं आवाहन वाहून जातं. प्रत्येकाला नावाने लिहा आणि रक्कम सांगा: 'टाकीसाठी १००७ देशील का?' 'यथाशक्ती' म्हटलं की माणूस विचार करत राहतो आणि विसरतो. 'किलोमीटरमागे १०० रुपये, धावून झाल्यावर' असले वायदे घेऊ नका. वसुली रखडते, आणि गुडघा दुखावला तर वसतिगृहाला काहीच मिळत नाही. पहिली फेरी दिवाळीच्या आधी, बोनसच्या सुमारास करा. उरलेल्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदाच आठवण.

नोकरी करत असाल तर एचआरला विचारा, काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिलं तेवढंच स्वतःही घालतात. संस्थेची १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची), ८०जी आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा समाजकार्याचा निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठीची) नोंदणीची कागदपत्रं तयार ठेवा. सीएसआरचा पैसा सीएसआर-१ नसेल तर येत नाही.

धावण्याचं म्हणाल तर अठरा आठवडे पुरेसे आहेत. रविवारची लांब धाव आठवड्याला एक ते दीड किमीने वाढवा, दर चौथ्या आठवड्यात तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, डिसेंबरअखेर १८-१९ किमीवर थांबा. शेवटचे दोन आठवडे हलके. आजच्या वेगाने पावणेतीन तासांच्या आसपास पोचाल.

अनघा_नाशिक

भावाकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, त्याला नाही कळवते. क्यूआर आणि फॉर्मचं उद्याच संस्थेत बोलते.

दूरदेशी

त्याला तिकडूनच द्यायचं असेल तर एफसीआरए असलेल्या, अशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला देता येईल. फक्त ते पैसे त्या संस्थेकडून तुमच्या वसतिगृहाकडे वळवता येणार नाहीत, २०२०च्या दुरुस्तीने ते बंद झालंय.