चर्चा: पोकरमध्ये एकच प्रकार पक्का करावा की चार प्रकार शिकावेत?

इस्पिक एक्का (पुणे)

गेली सहा वर्षं मी पोकरमधलं फक्त नो-लिमिट होल्डेम खेळतोय: हातात दोन पानं, टेबलावर सामाईक पाच, त्या सातांतली कुठलीही पाच धरायची आणि पैसे लावायला मर्यादा नाही. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या कायद्याने बंदी आली. तेव्हापासून आमच्या ग्रुपचं खेळणं म्हणजे दोन-अडीच महिन्यांतून एकदा पणजीचा कसिनो. आता ग्रुपातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, होल्डेम पुरे झालं, आता पोकरचे दुसरे प्रकार, ओमाहा शिकू, स्टड शिकू. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. आठ तास बसलं तरी अडीचशेच्या आत. ऑनलाइन चार टेबलं उघडली की एवढे डाव तासाभरात व्हायचे. आता वर्षाला पाच फेऱ्या, फेरीत दोन दिवस, म्हणजे जेमतेम अडीच हजार डाव वाट्याला येणार. तेही तीन खेळांत वाटले तर कशातच हात बसणार नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

मार्चमध्ये याचा चटका बसलाय. रात्री टेबल ओमाहावर गेलं आणि मी उठलो नाही. हातात इस्पिकचा एक्का, बदामचा राजा आणि राणी, किलवरची दश्शी. टेबलावर इस्पिकची नव्वी, सत्ती, तिर्री, दुर्री आणि चौकटचा राजा. चार इस्पिक खाली, एक्का माझ्याकडे. मी सगळे पैसे पुढे केले. ओमाहात हातातली नेमकी दोनच पानं धरावी लागतात आणि टेबलावरची तीन. माझ्याकडे इस्पिकचं दुसरं पान नव्हतं, म्हणजे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) नव्हताच, नुसती राजाची जोडी होती. समोरच्याने इस्पिकची छक्की-पंजी दाखवली आणि बावीस हजार गेले. नियम मला तोंडपाठ होता. पण सहा वर्षं होल्डेम पाहिलेल्या डोळ्यांनी पानं होल्डेमसारखीच वाचली.

मांडवीकाठ (पणजी)

सहमत नाही. तुमचे पैसे दुसरा खेळ खेळल्यामुळे गेले नाहीत, न शिकता बसलात म्हणून गेले. तुमच्याच उदाहरणावरून मी म्हणेन की शिका.

होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. रंग कोणता ते सोडून दोन्ही पानं एकाच रंगाची की वेगळ्या एवढंच पाहिलं तर १६९च प्रकार उरतात. त्यांचे तक्ते आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. २०१७मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना एकास-एक नो-लिमिटमध्ये १,२०,००० डाव खेळून हरवलं. २०१९मध्ये प्लुरिबस सहा जणांच्या टेबलावर जिंकला. इतक्या घोटलेल्या खेळात तुम्ही सहा वर्षं घालवलीत तशी समोरच्यानेही घालवली आहेत. ओमाहात चार पानांचे २,७०,७२५ हात होतात. ते कुणाला पाठ करता येत नाहीत, तिथे विचार करणाऱ्याला अजून जागा आहे.

शिवाय मी दर शनिवारी बघतो ते सांगतो. मोकळ्या हाताने खेळणारी मंडळी रात्री अकरानंतर ओमाहा मागतात. ती उठली की होल्डेमच्या टेबलावर राहतात पाच जण, सगळे टिच्चून फोल्ड करणारे, म्हणजे डाव सोडून देणारे. त्या टेबलावर तुम्ही कितीही पक्के असा, मिळणार काय?

इस्पिक एक्का

पैसा तिकडे जातो हे खरं आहे. पण तो पैसा उचलायला खिशात किती लागतं तेही सांगा. होल्डेममध्ये फ्लॉपच्या आधी, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडण्याआधी, एक्क्याची जोडी राजाच्या जोडीला शंभरात ऐंशीच्या वर वेळा हरवते. ओमाहात त्याच एक्क्यांसमोर ९-८-७-६ आली आणि त्यातली दोन-दोन पानं एकेका रंगाची असली की सामना साधारण ६०-४०वर येतो. म्हणजे बरोबर खेळूनही लागोपाठ हरण्याची तयारी हवी आणि खेळायची रक्कम दुप्पट-तिप्पट बाजूला ठेवायला हवी. मी पगारदार माणूस आहे. घराच्या हप्त्याला हात न लावता एवढी रक्कम माझ्याकडे होत नाही. आमच्या ग्रुपात बहुतेकांची हीच स्थिती आहे, म्हणूनच मी एवढं कळकळीने लिहितोय.

एडिसनवासी (न्यू जर्सी)

मोठ्यांकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. नावाजलेला खेळाडू फिल हेल्मुथची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली पहिली ११ ब्रेसलेट्स (तिथली एकेक स्पर्धा जिंकल्यावर मिळणारी कडी), १९८९ ते २००७, सगळीच्या सगळी होल्डेममधली. बारावं २०१२मध्ये रॅझ या स्टडच्याच एका प्रकारात मिळालं. फिल आयव्हीची ११ आहेत आणि त्यात निव्वळ होल्डेमच्या स्पर्धेतलं एकही नाही.

माझं मन मात्र मायकेल मिझराचीकडे झुकतं. २०२५मध्ये त्याने ५०,००० डॉलर प्रवेशफीची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप चौथ्यांदा जिंकली. तिथे नऊ प्रकार आळीपाळीने खेळावे लागतात. त्याच उन्हाळ्यात वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा, होल्डेमचा मेन इव्हेंटही जिंकला, एक कोटी डॉलर. नऊ खेळ येत असल्यामुळे त्याचं होल्डेम कच्चं राहिलं नाही.

इस्पिक एक्का

तो पूर्णवेळ हेच करतो हो. माझ्या वर्षातल्या दहा दिवसांची त्याच्याशी तुलना कशी करणार? आणि हेल्मुथने रॅझ जिंकलं ते होल्डेमची अकरा झाल्यावर. आधी एक घर नीट बांधलं, मग दुसऱ्याचा पाया घेतला. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

मेंढीकोटवाली (सांगली)

ओमाहावरच सगळी चर्चा अडकली आहे, म्हणून स्टडबद्दल लिहिते. मी कधी पैसे लावून खेळले नाही. घरी चौघं बसतो, काडेपेटीच्या काड्या लावतो.

सात पानांच्या स्टडमध्ये टेबलावर सामाईक पानं नसतात. प्रत्येकाची चार उघडी, तीन झाकलेली. कुणी डाव सोडला की त्याची उघडी पानं उलटी होतात आणि ती ज्याला आठवतात त्याचा फायदा. मला तीन बदाम आले आणि इतरांकडे पाच बदाम उघडे पडून गेले असतील तर फ्लशच्या मागे धावण्यात अर्थ नाही. हे आम्ही लहानपणी मेंढीकोटात करायचो. किती मेंढ्या गेल्या, हुकमाची किती पानं बाहेर आली, आजी बोटांवर मोजायची आणि आम्ही चुकलो की पान परत उचलायला लावायची. होल्डेममध्ये सोडलेली पानं कधी दिसतच नाहीत, त्यामुळे ही सवय मोडते. स्टड खेळायला लागल्यापासून मी समोरच्याच्या हातात काय असेल यापेक्षा काय असूच शकत नाही ते आधी बघते. होल्डेमलाही ते उपयोगी पडलं.

इस्पिक एक्का, तुम्ही फक्त पणजीचे डाव मोजताय. शिकायला पणजीच कशाला हवी?

मांडवीकाठ

अगदी बरोबर! कोऱ्या पत्त्यांचा एक जोड घ्या. टेबलावर पाच पानं मांडा, स्वतःला चार वाटा आणि हातातली कोणती दोन, टेबलावरची कोणती तीन, ते मोठ्याने म्हणा. मग त्या पाच पानांवर सर्वांत मोठा हात कोणता होऊ शकतो तेही म्हणा. रोज तीस डाव, वीस मिनिटं. मी चार महिने हे केलं, मगच ओमाहाला पहिल्यांदा पैसे लावले.

इस्पिक एक्का

मेंढीकोटवाली, हिशोबात माझी चूक झाली हे मान्य. डाव मोजताना मी घर धरलंच नव्हतं. पैसे लावण्यापुरतं मत तेच आहे: डिसेंबरच्या फेरीत ओमाहा सुरू झाला की मी उठणार, आणि ग्रुपातल्यांनाही उठायला सांगणार.

आज रात्री जोड काढला. तीस डावांत चार वेळा हातातलं एकच पान धरलं, त्यातल्या तीन वेळा इस्पिकचा एक्काच होता. महिन्याने आकडा इथेच लिहितो.