बाबांच्या शोकसभेत ‘अबाइड विथ मी’ लावावं का?

खडकीची_लेक:
बाबांना जाऊन आज नऊ दिवस झाले. आर्मी बँडमध्ये होते, युफोनियम म्हणजे ते खर्जातलं मोठं पितळी फुंकवाद्य वाजवायचे, रिटायर झाल्यावर इथेच खडकीत राहिलो आम्ही. दरवर्षी २९ जानेवारीला टीव्हीवर बीटिंग रिट्रीट, दिल्लीचा तो सैन्याच्या बँडचा कार्यक्रम, लागला की कुकरची शिट्टीसुद्धा चालायची नाही त्यांना, आणि ‘अबाइड विथ मी’ (म्हणजे ‘माझ्यापाशी राहा’) ही प्रार्थनेची धून सुरू होऊन लांबून त्या घंटा वाजायला लागल्या की मांडीवर तीन बोटं दाबत बसायचे, व्हॉल्व्ह दाबतात तशी. २०२२ ला ती धून कार्यक्रमातून काढली तेव्हा काहीच बोलले नाहीत, टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसले. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा आहे, मला तिथे तीच लावायचीये. काका म्हणतात आपल्यात चर्चचं गाणं कशाला, आता तर सरकारनेही काढलंय, लोक काय म्हणतील. आई गप्प आहे. काय करू?

रास्तापेठकर:
काकांना सांग, गांधीजींचं हे अतिशय आवडतं होतं आणि बीटिंग रिट्रीटमध्ये ते वर्षानुवर्षं वाजलंय, दुसऱ्या दिवशी ३० जानेवारी, त्यांची पुण्यतिथी, म्हणून त्या संध्याकाळी ऐकताना पोटात कालवायचंच. लिहिणारे हेन्री लाइट, इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅम नावाच्या मच्छीमार गावातले पाद्री, १८४७ साली गेले, क्षयाने. आपण चाललोय हे कळलेल्या माणसाचं गाणं आहे ते. आज वाजते ती चाल विल्यम मंक यांची, १८६१ ची, आणि चालीचं नावच ‘इव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ. शोकसभेला याहून बरं काय लावणार?

साधा_श्रोता:
माझं थोडं वेगळं आहे, राग मानू नकोस. २०२२ ला त्याजागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं ते मला पटलं होतं. १९६२ च्या युद्धात गेलेल्या जवानांसाठीचं गाणं, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, आणि जवानाच्या आईला त्यातला शब्द न् शब्द कळतो, माझ्या आजीला कळायचा. पण तो झाला देशाचा कार्यक्रम. तुझ्या बाबांची बोटं ज्या धुनेवर हलायची ती त्यांचीच, तिथे सरकारने काय ठेवलं काय काढलं याचा संबंध येतोच कुठे.

पंचहौदजवळचा:
आम्ही गुरुवार पेठेतले, ख्रिस्ती. खरं सांगतो, ते काढलं तेव्हा आमच्या घरात फार लागलं सगळ्यांना. वर्षातून एकदा आमच्या प्रार्थनेची चाल अख्ख्या देशाची व्हायची, गणवेशातली सगळ्या धर्मांची पोरं ती फुंकायची, आणि कुणाला ती परकी वाटत नव्हती. काकांना गाण्यामागची गोष्ट सांग, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली. येशू क्रूसावर गेल्यानंतर त्याचे दोन शिष्य अम्माऊस गावाला चाललेत, वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालतो, गाव आल्यावर तो पुढे निघतो तर हे त्याला धरून ठेवतात, की दिवस कलला, आता आमच्याकडेच राहा. तो येशूच असतो, पण त्यांना अजून ओळख पटलेली नसते. संध्याकाळी दारातल्या माणसाला असं थांबवणं आपल्या कुठल्या घरात नाही? ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, त्यांची पदं आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो, चाल कुठून आली हे गाताना कुणी विचारत नाही.

आणि एक, गायलेलं नको लावू, नुसतं बँडचं लाव. शब्द नसले की काकांनाही जड जाणार नाही आणि तुला बाबा ऐकू येतील.

बँडवाला_निवृत्त:
वरच्या भावाशी सहमत. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नकोस गं बाळ, त्यात युफोनियम ऐकूच येत नाही, खालचे सूर सगळे गिळले जातात. हॉलला मोठा स्पीकर आण, आवाज मध्यम ठेव, आणि शेवटचा सूर विरेपर्यंत कुणाला बोलायला उठू देऊ नकोस. आम्ही वाजवायचो तेव्हा त्या शेवटच्या सुराला श्वास पुरवणं हीच खरी परीक्षा असायची.

खडकीची_लेक:
आईला सगळं वाचून दाखवलं. अम्माऊसपाशी म्हणाली, परत वाच. मग म्हणाली, भावजींशी मी बोलते, तू स्पीकरचं बघ.