कुत्र्यांना रानात नेताना कुसळाचं बघा
कुत्र्यांना डोंगरावर फिरायला नेताना पट्टा हातात असला की पुरे, असं इथं कुणीतरी म्हटलंय, ते मला निम्मंच पटतं. पट्ट्यामुळे मोर-ससे वाचतात, कुत्र्याचे पाय नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगरउतारावर कुसळी गवत वाळतं, आणि नेमके तेव्हाच सगळे ग्रुपनं फिरायला निघतात. कुसळ म्हणजे या गवताचं शेपटीवालं बी. त्याचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेली लव. ओल लागली की शेपूट पीळ सोडत फिरतं आणि टोक आत घुसत जातं, मागे येत नाही. आमची कुत्री खुलताबादच्या बाजूच्या डोंगरावरून आली आणि दोन दिवस एकच पंजा चाटत बसली. बोटांच्या बेचक्यात वाटाण्याएवढी गाठ. डॉक्टरांनी चिरून काढलं तेव्हा आत कुसळ अख्खंच्या अख्खं! फार कळवळली बिचारी.

म्हणून परतल्यावर गाडीत बसवण्याआधीच बोटांमधल्या फटी, कान, काखा बोटांनी चाचपा. गोचीडही तिथंच सापडतात. केसाळ कुत्र्यांच्या पंजांवरचे केस आधीच कापून घ्या. आणि फिरायला जायला गौताळ्याचं नाव कुणीतरी सुचवलंय, ते कृपया वगळा. 1986 पासून ते अभयारण्य आहे. आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार तिथल्या कोल्ह्या-बिबट्यांनाही होऊ शकतो.