कॅम्पातली गोऱ्यांची दफनभूमी मुलांना दाखवायची आहे, काय सांगू?

टिळकवाडीच्या बाई
नमस्कार. मी मराठी शाळेत इतिहास शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना कॅम्पातली जुनी दफनभूमी चालत फिरून दाखवावी, असं फार मनात आहे. 1818 ला बेळगावचा किल्ला कंपनी सरकारकडे गेला, पुढं छावणी वसली. पुस्तकात हे दोन ओळींत आटपतं. तिथं मात्र दगडावर पलटण, हुद्दा, वय सगळं कोरलेलं आहे. विशी-बाविशीतली पोरं, आणि वर्षही न भरलेली बाळं तर किती! वाचताना घसा दाटतो.

पालक म्हणतात, स्मशानात कशाला? मुलं विचारतात, भूत दिसतं काय? आणि इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा नि तिचा शिलेदार रायण्णा यांच्या मुलखात गोऱ्यांची थडगी दाखवताना बोलायचं काय? कुणी असा फेरफटका काढला असेल तर सांगा.

खानापूरकर
बाई, आधी लेखी परवानगी घ्या. जिच्या ताब्यात जागा आहे त्या चर्च समितीला पत्र द्या, कॅन्टोन्मेंटलाही कळवून ठेवा. पावसाळ्यात नकोच. आपल्याकडचा पाऊस म्हणजे जांभ्याच्या ओट्यांवर शेवाळ, आणि गवतात घोणस. दिवाळीनंतर न्या, पण 2 नोव्हेंबर सोडून. त्या दिवशी ख्रिस्ती घरची माणसं मेणबत्त्या घेऊन आपापल्या थडग्यांपाशी येतात, त्यांच्यात आपली गर्दी नको.

सकाळी लवकर जा. ऊन तिरकं असतं तेव्हा झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी तोच दगड कोरा वाटतो.

शहापूरचा दगडवाला
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम, म्हणून एवढंच सांगतो. संगमरवरावरची काळपट अक्षरं दिसतात ना, त्यातली बरीच रंगाची नव्हेत, शिशाची. अक्षर खोदायचं, खाचेत बारीक भोकं पाडायची, मग शिसं ठोकून भरायचं. भोकांत शिसं घट्ट धरतं. ते गळालं की खाच आणि आतली भोकं तेवढी उरतात. मुलांना त्यावरून नाव जुळवायला सांगा, जागची हलणार नाहीत बघा.

वाचायला येत नाही म्हणून खडू, पीठ घासू देऊ नका. तारेचा ब्रश नि ॲसिड तर नकोच नको, संगमरवर खाऊन टाकतं. आरशानं बाजूनं उजेड पाडला तरी पुरतं.

मधेच तुटलेला खांब दिसला तर तो पडझडीतला असेलच असं नाही. ऐन वयात गेलेल्यासाठी मुद्दाम तसा घडवायचे. कोकरू बहुतेक लहान लेकराच्या थडग्यावर असतं.

बैलहोंगलची लेक
बाई, बोलायचं काय म्हणता, तर 23 ऑक्टोबर 1824 पासून सुरू करा. त्या दिवशी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे पडला. त्याचं स्मारक धारवाडात. चन्नम्मा आमच्या बैलहोंगलात कैदेत असताना 1829 ला गेली, तिची समाधी इथंच. रायण्णाला 1831 मध्ये नंदगडला फाशी दिलं, त्याची समाधी तिथं, लोक आजही नवसाला जातात. एकाच लढ्यातल्या माणसांच्या खुणा अशा तीन गावांत आहेत. नकाशा काढून न्या आणि थडग्यांपाशी उभं राहून सांगा. कंपनीनं राज्य घेतलं ते अन्यायानं, हे स्पष्ट सांगा. आणि पटकीनं, तापानं मेलेला शिपाई कुणाचा तरी मुलगा होता, हेही सांगा. मुलांना दोन्ही पेलतं.

भुताच्या गोष्टी मात्र कृपा करून नको. तिथं आपल्याच गावच्या ख्रिस्ती लोकांचे आजी-आजोबाही निजलेत.

टिळकवाडीच्या बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगीचं पत्र उद्याच लिहिते. मुलांच्या आधी पालकांना एकदा सकाळी घेऊन जाईन म्हणते, म्हणजे त्यांची भीती जाईल. शहापूरचे दादा, त्या दिवशी शिशाचं काम दाखवायला तुम्ही याल काय?

शहापूरचा दगडवाला
येतो की! रविवार धरा. छिन्नी आणि शिशाचा तुकडा घेऊन येतो, दाराबाहेर एका फरशीवर करून दाखवतो.