मदत हवी आहे: हाताने केलेली शुभेच्छापत्रं वाकडी होतात

मैत्रिणींसाठी शुभेच्छापत्रं करायला घेतली आहेत. एकूण आठ करायची आहेत, तीन झाली, आणि तिन्ही टेबलावर सरळ उभी राहत नाहीत!

कागद जाड घेतलाय, २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा). ए४ अर्धा कापून त्याची घडी घालते, म्हणजे कार्ड ए६ आकाराचं होतं. पहिल्या कार्डाची घडीच फाटल्यासारखी झाली, रंगाचा थर उडून आतला पांढरा कागद दिसायला लागला. मग शाई संपलेल्या बॉलपेनाने पट्टी धरून आधी रेघ दाबून घेतली. त्याने बराच फरक पडला, पण कडा अजून खडबडीत येते. कागदाच्या तंतूंच्या दिशेनेच घडी घालावी म्हणतात. ती दिशा ओळखायची कशी? दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिलं, जाड कागदात मला तरी काही कळलं नाही.

खरी डोकेदुखी गोंदाची. पांढरा गोंद लावून वर नक्षीचा कागद चिकटवला की सुकताना कार्ड पन्हाळीसारखं वळतं. पाण्यामुळे कागद फुगतो हे समजतं, पण जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवूनही थोडा बाक राहतोच. दुहेरी चिकटपट्टी वापरू का? काही वर्षांनी ती सुटते किंवा पिवळी पडते का?

आणखी एक, आत उघडताना उभं राहणारं फूल केलंय, ते कार्ड मिटल्यावर बाहेर डोकावतं. फुलाची उंची कशी मोजायची?

क्विलिंगच्या, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याच्या, वाटेला सध्या जात नाही, तेवढा धीर नाही.